शेंदराचा जाड हात

…एकोणीस, वीस, एकवीस – पुठ्ठ्याच्या खिडकीतून दिसणारे शेंदरी ठिपके तोमोएने पुन्हा मोजले, आणि पुन्हा एकवीसच भरले. पुठ्ठा जुना होता, कडा तेलाने काळ्या पडलेल्या, मधोमध बरोबर एक इंच लांब आणि एक इंच रुंद अशी खिडकी कापलेली. ही खिडकी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर कुठेही ठेवायची आणि आत किती ठिपके दिसतात ते मोजायचं, एवढीच परीक्षा. वीस भरले की तुकडा सपाट, आणि तुकडा सपाट तर करणारा पास. ह्या पोरीचे एकवीस भरत होते, कोपऱ्यात बावीस, आणि पोरगी तोमोएच्या खांद्यामागे उभी राहून चवड्यांवर उड्या मारत होती.

"एकवीस ना, कोमागाता-सान? मी काल चार वेळा मोजले. मला वाटलं माझ्याच डोळ्यांना जास्त दिसतायत."

"एकवीस," तोमोए म्हणाली.

खोटं नव्हतं ते. ठिपके एकवीसच होते. फक्त ते फुगलेले होते, कडा पसरलेल्या, दोन-तीन तर शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकून बसलेले – आणि तोमोए कोमागाताला, ह्या विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं बीड खरवडणाऱ्या बाईला, ते एका नजरेत कळलं होतं. शेंदूर जाड लागला होता. काळ्या सपाट पाटावर तेलात कालवलेल्या शेंदराचा हात फिरवायचा, त्यावर आपला तुकडा उपडा घासायचा, जिथे उंचवटा असेल तिथे शेंदूर लागतो, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं – शंभर वेळा, दोनशे वेळा – आणि जसजसं काम बारीक होत जाईल तसतसा शेंदूर कमी कमी करत न्यायचा, इतका की लावलाय की नाही अशी शंका यावी. पोरीने पहिल्या दिवशी जेवढा लावला तेवढाच सहा आठवडे लावला होता. जाड हाताने खड्ड्यांनासुद्धा रंग लागतो. शेंदूर फासला की कुठलाही धोंडा देव दिसतो, तसला प्रकार.

हे तिला सांगायचं कुणी होतं?

पहिल्या आठवड्यात म्हातारे उस्ताद हान्युदा-सान स्वतः म्हणाले होते, पोरीसमोर, सगळ्यांसमोर – "शेंदराचं तुम्हाला कोमागाता सांगेल." आणि कोमागाताने पहिल्या दिवशी पहिल्या दिवसापुरतं सांगितलं होतं. ते बरोबरच होतं, सुरुवातीला जाडच लागतो. पुढचं उद्या सांगू. मग उद्या… मग शुक्रवारी… आता आज शुक्रवार होता, फेब्रुवारीचा तिसरा, आणि तीन वाजता तपासणी होती.

"मी जाऊन जरा धार लावून येते," सुवाबे म्हणाली, आणि कुठलंसं गाणं गुणगुणत सहाणेकडे गेली.

मिहारू सुवाबे, तिसरं वर्ष, यंत्र शाखा, वय वीस. आई मुलांचे केस कापते, बाप गाडी चालवतो, हे पोरगी आल्यापासून सगळ्या वर्कशॉपला माहीत झालं होतं, कारण ती विचारण्याआधीच सांगते. गेल्या वर्षी विद्यापीठाने ठरवलं की मुलं नुसती पडद्यावर चित्रं काढतात, त्यांच्या हाताला लोखंड लागत नाही. तेव्हा त्यांना हाताने शिकण्याची संधी द्यायची. मग प्राध्यापक आले, समिती झाली, नव्या निळ्या टोप्या आल्या, जाहिरातीचं मोठं चित्र छापून दारात लागलं. त्या चित्रात सुवाबेचे दोन हात आहेत, स्क्रेपरवर घट्ट, नखं स्वच्छ. आणि उजव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर तोमोएचं. रोज सकाळी आत येताना ती आपल्या कोपराला बघते.

जळते मी तिच्यावर. हे तोमोएने स्वतःशी कधीच कबूल करून टाकलं होतं, त्यात आता काही नवीन नव्हतं; पोटात दुखायला लागलं की औषध घ्यावं तसं ती ते दिवसातून एकदा मनात म्हणत असे. पण नुसतं म्हणून भागत नव्हतं. कारण पोरीकडे फक्त वय असतं, टोपी असती, फोटो असता तरी चाललं असतं. पोरीकडे हान्युदा-सान होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी. निवृत्तीनंतर पुन्हा घेतलेला माणूस, आठवड्यातून दोन दिवस, तेही मार्चअखेरपर्यंत. सत्तरीला टेकलेला, लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेली. आणि तो बोलत होता. तो माणूस – बोलत होता! "सुवाबे-सान, हाताने नका ढकलू, पोटाने ढकला. दांड्याचं टोक बेंबीखाली टेकवा, हं, अश्शी, आणि उगाच श्वास कोंडू नका, बाळंत होताय का तुम्ही?" आणि पोरगी खिदळत होती, आणि ते तिच्या कंबरेवर तळवा टेकवून जोर कुठून येतो ते दाखवत होते, तिचा स्क्रेपर घसरला तर का घसरला ते सांगत होते. का! बारा वर्षांत तोमोएने त्यांच्या तोंडून 'का' ऐकला नव्हता. तिने तो विचारलाही नव्हता. विचारायची पद्धत नव्हती.

ती तांत्रिक शाळेतून एकोणिसाव्या वर्षी इथे लागली. पहिलं वर्ष बिडाचा कीस झाडला आणि त्यांच्या स्क्रेपरला धार लावली. फक्त धार. लावलेली धार ते अंगठ्यावर बघायचे आणि ठीक असेल तर काही न बोलता घ्यायचे, नसेल तर काही न बोलता परत ठेवायचे. एकदाच म्हणाले होते – "काम कुणी देत नाही, कोमागाता. डोळ्यांनी चोरायचं असतं." मग तिने चोरलं. उभं राहायची पद्धत चोरली, पायांतलं अंतर चोरलं, परतताना पातं किंचित उचलतात ते चोरलं. झाडू मारता मारता, चहा देता देता, चोर ज्या निष्ठेने घराची पाळत ठेवतो त्या निष्ठेने. आणि आता हे सगळं एका पोरीला ताटात वाढून, वर अहो-जाहो करून, घास भरवून… आयत्या बिळावर नागोबा! मी काय वाईट केलं होतं? मला तीन शब्द सांगितले असते तर त्यांची जीभ झिजली असती?

बाहेर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यात पुरलेल्या नळ्यांचं पाणी उडत होतं. नळ्यांच्या गंजाने लाल झालेला रस्ता तेवढा मोकळा, बाकी सगळं पांढरं.

बाराच्या सुमाराला सुवाबे स्टोव्हपाशी येऊन बसली आणि तिने डबा उघडला. तीन ओनिगिरी, सारण भरलेले भाताचे गोळे. तिने नेहमीसारखी एक उचलून तोमोएपुढे धरली.

"ही रावसाची. घ्या ना. आज आईने जास्त भरलाय, परीक्षा म्हणून."

"तुलाच लागेल."

"मला घास उतरत नाहीये. खरंच. तुम्ही परीक्षेच्या दिवशी जेवला होतात?"

तोमोएने ओनिगिरी घेतली. भात अजून कोमट होता. परीक्षेच्या दिवशी… आठ महिने तिने तो पहिला तुकडा केला होता, हाताखालची कामं संपल्यावर, सुटीच्या दिवशी येऊन. पंचवीस ठिपके भरत होते तिचे. पंचवीस! मग हान्युदा-सानांनी तीन कारागिरांसमोर पाट पुसला, स्वतः शेंदूर लावला, तिचा तुकडा दोनदा घासून उलटा केला, आणि तिथे दोन ठिपके होते. अख्ख्या तुकड्यावर दोन. एक जण हसला होता, तो आता दुसरीकडे गेला. हान्युदा-सान म्हणाले, "पुन्हा," आणि चहा प्यायला निघून गेले. ती तिथेच उभी होती. त्या दिवशी तिने एक गोष्ट स्वतःला समजावून सांगितली आणि ती पुढे कायम तिच्याजवळ राहिली – आपले हात ह्या कामाचे नाहीत, आपण नुसत्या चिवट आहोत. चिवटपणावर निभावून न्यायचं. दोन वर्षांनी कधीतरी शेंदूर संपत आलेला असताना, उरलेला बोटभर पुरवून लावला तेव्हा तिला उमगलं की अरे, हे होतं तर. केवढी खूश झाली होती ती! चोरलं, शेवटी तेही चोरलं. त्यांना सांगितलंसुद्धा नाही.

"गप्प का?" सुवाबे म्हणाली. "टेन्शन देताय तुम्ही मला."

"जेव तू. थंडी आहे."

आत्ता सांगावं. आत्ता. अजून तीन तास आहेत… तीन तासांत काय होतं, पातळ हाताने घासलं तर चारच ठिपके निघतील, तिथून वीसपर्यंत यायला तीन आठवडे लागतात. मग सांगून उपयोग काय? पण निदान तिला आधी कळेल, चारचौघांसमोर… चारचौघं कुठे आहेत, हान्युदा-सान आणि मी. मला तीन कारागीर होते. हिला तेवढंही नको? तोमोएने रावसाचा घास गिळला. चविष्ट होता. आपण हिचं अन्न खातोय आणि हिचाच गळा… असं काही नाही. मी काही केलेलं नाही. मी फक्त काही केलेलं नाही.

कारखान्याचं निळं पाकीट ऑफिसच्या टेबलावर पडलं होतं. डोंगरापलीकडे अचूक यंत्रं बनवणारा एक कारखाना दरवर्षी इथल्या एकाच मुलाला पाच महिने कामावर घेतो. तिथे खरवडणारे सोळा कारागीर आहेत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. अट एकच, स्वतःच्या हाताने केलेला वीस ठिपक्यांचा तुकडा. फॉर्मवर तपासणाऱ्याचा शिक्का, आणि तो शिक्का कोमागाताचा, कारण हान्युदा-सान आता कागदोपत्री नुसते हंगामी आहेत. पाचच्या आत फॉर्म द्यायचा. शिक्क्याखाली चार ओळींची जागा आहे, आणि प्राध्यापक म्हणाले होते, "शिकवण्यात आपल्याकडून काही राहिलं असेल तर तिथे स्पष्ट लिहा, कोमागाता-सान, मग मी महिनाभर मुदत मागून घेतो. मुलांचं नुकसान नको." सहा वर्षांपूर्वी तोमोएनेच ह्या कारखान्यात आठवडाभर जायला परवानगी मागितली होती. रजा टाकून, स्वखर्चाने. उत्तर आलं, ही सोय फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे. छापील उत्तर होतं, खाली कुणाची सहीसुद्धा नव्हती.

तीन वाजता हान्युदा-सान आले. बूट झटकले, टोपी काढून खुंटीला लावली.

"काय सुवाबे-सान, रडायचं की हसायचं आज?"

"एकवीस आहेत!" पोरगी म्हणाली. "कोमागाता-सानांनीपण मोजले."

त्यांनी तोमोएकडे पाहिलं. फार वेळ नाही, पात्याची धार बघायला लागतो तेवढाच वेळ. मग सुवाबेचा तुकडा उचलून त्यांनी प्रकाशाकडे तिरका धरला, आणि तोमोएला दिसलं की त्यांना कळलंय. तुकडा खाली ठेवायच्या आधीच कळलंय. तरी त्यांनी सगळं रीतसर केलं. पाट पुसला. बोटाच्या टोकावर शेंदूर घेऊन पसरला, आणि मग तळव्याने तो जवळजवळ सगळा पुसून काढला. सुवाबे पुढे झुकून बघत होती. तिचा चेहरा आधी नुसता कुतूहलाचा होता, मग तो हळूहळू बदलला – हुशार आहे पोरगी, तिला तळव्याकडे बघूनच कळलं, घासायच्या आधी.

दोन वेळा घासून त्यांनी तुकडा उलटा केला. पुठ्ठ्याची खिडकी ठेवली. चार. दुसऱ्या कोपऱ्यात तीन. मधे काहीच नाही.

सुवाबेने खाली वाकून अगदी जवळून पाहिलं.

"हात धुऊन या," हान्युदा-सान तिला म्हणाले. "गरम पाण्याने धुवा. सावकाश या."

ती गेली. दार लागल्याचा आवाज आला. तोमोए चिंधीने पाट पुसायला लागली, पुसलेलाच पाट.

"कोमागाता. तुला सकाळीच दिसलं होतं ना?"

"काय?"

"उगाच काय म्हणून विचारू नकोस. हे न दिसायला तू काय आंधळी आहेस?"

तोमोएचा हात थांबला. तिला वाटलं आता ऐकावं लागणार, बारा वर्षांत न ऐकलेलं सगळं एकदम. बरंच होईल. ऐकून घेऊ.

पण ते स्टुलावर बसले, आणि गुडघे चोळत म्हणाले, "रागवत नाहीये मी. मला तोंड कुठे आहे रागवायला? शेंदराचं तुझ्यावर मुद्दाम सोडलं होतं. बाकीचं सगळं बोलता येतं मला आता, म्हातारपणी बडबड सुटलीय. ते एकच तोंडातून निघत नाही. तुझ्या वेळी गिळलं होतं, ते तसंच बसलंय."

"माझ्या वेळी?"

"आठ महिने बघत होतो रोज. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"ते तर…" तोमोएला आपला आवाज बारीक झालेला ऐकू आला. "डोळ्यांनी चोरायचं असतं. तुम्हीच म्हणायचात."

"हॅ! चोरायचं!" ते हसले, पण हसू लगेच विझलं. "मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. शेंदूर कमी कर, गाढवा. दुसऱ्याच दिवशी."

स्टोव्हवरची किटली सूं सूं करत होती. तोमोएला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं.

"का मग?"

विचारला. आयुष्यातला पहिला.

"आता का म्हणून काय सांगू. वीस वर्षांची पोर, स्क्रेपर हातात घेतलास आणि पहिल्याच फटक्याला असा काही ढकललास की माझ्या अंगावर काटा आला. तो जोर मला यायला सात वर्षं लागली होती. वाटलं, ही तीन वर्षांत मला मागे टाकणार. मग जीभ उचलेना." त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, हातात फिरवली. "तीनऐवजी पाच लागली तुला. दोन मी खाल्ली."

एवढं बोलून ते बाहेरच्या खोलीत गेले. चहाच्या कपाचा आवाज आला.

तोमोए उभी होती. आत काहीतरी उसळून वर येत होतं, आणि तो राग असणार असं तिने धरलं होतं, राग असायलाच हवा होता – दोन वर्षं, तीन कारागीर, तो हसणारा माणूस, स्वतःला पढवलेलं ते चिवटपणाचं पुराण – पण वर आलं ते काही भलतंच होतं. तीनऐवजी पाच. म्हणजे पाचव्या वर्षी. पंचविसाव्या वर्षी मी त्यांच्या पुढे गेले होते आणि मला कुणी सांगितलं नाही! ज्या एका शब्दासाठी बारा वर्षं ह्या माणसाच्या तोंडाकडे बघत काढली, तो शब्द आज मिळाला होता, आणि मिळाला तो असा, चोरीच्या मालासारखा. आणि मला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका आनंद. त्यांनी माझा घात केला, कारण मी चांगली होते… मी चांगली होते… गाल गरम झाले, ते तिने हाताच्या पाठीने पुसले. कुणी हेवा करावा एवढी मी होते. मग तिच्या लक्षात आलं की आपण आज सकाळपासून, नाही, सहा आठवडे, नेमकं तेच कुणाला तरी देत आलो आहोत, आणि घेणाऱ्याला ते ठाऊकही नाही.

कारण पहिल्याच आठवड्यात, हान्युदा-सानांचा तळवा कंबरेवरून निघाल्यावर सुवाबेने एकटीने पहिला फटका मारला होता, आणि तोमोए तेव्हा सहाणेपाशी होती. कीस एकसारखा निघाला होता, शेवटपर्यंत एका रुंदीचा. तिने तो पाहिला होता. मग तिने मान वळवली होती. तेव्हापासूनच उद्या सांगू सुरू झालं होतं, फोटो नंतर आला, चित्रातलं कोपर नंतर आलं. हान्युदा-सानांचं बोलणं, टोप्या, अहो-जाहो… हेवा कशाचा होता ते तोमोएला आत्ता कळत होतं. त्या एका फटक्याचा होता.

दार उघडलं. सुवाबे आली, हात लालबुंद, बाह्या भिजलेल्या. ती रडली नव्हती, किंवा रडून तोंड धुतलं होतं. तिने आपला तुकडा दोन्ही हातांनी उचलला, बीड थंडगार असतं तरी छातीशी धरला.

"फॉर्मचं काही नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही खरं तेच लिहा. फक्त एक विचारू? सरळ सांगा, मला वाईट नाही वाटणार." ती तोमोएकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती. "माझे हातच नाहीत ना ह्या कामाचे?"

'आहेत' म्हणायला तोमोएने तोंड उघडलं. एक शब्द, साधा. पण त्या एका शब्दामागोमाग बाकीचे सगळे रेटारेटी करत घशाशी आले – सकाळी दिसलं होतं, सहा आठवडे दिसत होतं, तुझ्या हातांना काही झालेलं नाही, तुझे हात बघूनच मी… – आणि ते निघाले की त्या चार ओळीही लिहाव्या लागणार, शिक्क्याखाली, स्वतःच्या नावाने, आणि मग ही पोरगी महिनाभर पातळ हाताने घासणार, कारखान्यात जाणार, सोळा कारागिरांत उभी राहणार, आणि तीन वर्षांत, पाच नाही, तीनच… घड्याळात पावणेचार झाले होते. पोरगी वाट बघत होती, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. तोमोएला तिचा अजूनही तितकाच हेवा वाटत होता, तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त आता, तोंड उघडं टाकून तिथे उभं असताना, त्या हेव्याच्या अगदी शेजारी, त्याच्या अंगाला अंग लावून, हिला पुढे जाताना बघायची एक विलक्षण घाई तिच्या पोटात उठली होती, आणि दोन्हींतलं आधी तोंडातून काय बाहेर पडेल ते तिला सांगता आलं नसतं.